शॉकअप काढून बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात "हा पार्ट आता मिळत नाही" असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघतात. मिळत नसला तर करू की, हा तिथला खाक्या. म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून अदबीनं घेणाऱ्या या भागात लेथ, वेल्डिंग, कास्टिंग अशी शेडला शेड लागून आहेत, आणि त्यातल्या एका शेडमध्ये आबा आणि त्यांची दोन पोरं दुचाकींची कामं करतात. नुसती सर्व्हिसिंगची नव्हे. वाकलेलं सरळ करणं, तुटलेलं जोडणं, आणि एका गाडीचा अवयव दुसऱ्या गाडीला लावून देणं ही त्यांची खरी ख्याती. गोष्टीपुरतं पोरांना थोरला आणि धाकटा म्हणू.

थोरला हातात व्हर्नियर घेतल्याशिवाय बोलत नसे, आणि घेतल्यावरही फारसं बोलत नसे. धाकटा जिभेनं गोड, हातानं चपळ. गिऱ्हाईक आलं की आधी "धाकटा हाय का?" असंच विचारायचं. आबांनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एक छोटं शेड भाड्यानं घ्यायचं ठरवलं होतं. ते कुणाच्या ताब्यात द्यायचं हा प्रश्न घरात कुणी उघड काढत नव्हतं, पण जेवताना तो ताटात वाढलेला असायचाच.

आता जरा मागं जायला हवं. बजाजनं 2015 साली अव्हेंजरच्या क्रूझ आणि स्ट्रीट अशा वेगवेगळ्या तऱ्हा बाजारात आणल्या. एक क्रोमनं चकचकीत, दुसरी काळी. त्यातल्या एका स्ट्रीटचं मडगार्ड कागलजवळ पार चेमटलं. नवीन यायला वेळ होता आणि आबांकडं क्रूझचं एक पडून होतं. आबांनी ते घासून काळं केलं आणि बसवून दिलं. त्याआधी त्यांनी दोन्ही गाड्यांच्या टायरवरचे आकडे वाचले होते. पुढं 90/90-17, मागं 130/90-15, दोन्हींना सारखेच. मग भोकांची अंतरं जुळवली, दोन माणसं बसवून गाडी गतिरोधकावरून नेली, परत आणून आतून हात फिरवला. धाकटा तेव्हा नवीन होता, आणि यातलं बरंचसं घडत असताना तो रंग आणायला गेला होता. त्यानं बघितलं ते एवढंच की एका मॉडेलचं मडगार्ड दुसऱ्याला बसलं आणि संध्याकाळी गिऱ्हाईक हसत गेलं. बघून शिकणाऱ्यांचं बहुतेक वेळा असंच होतं. शेवटचा अर्धा तास तेवढा त्यांच्या वाट्याला येतो.

तर एका पावसाळ्यात इचलकरंजीहून एक तरुण सुताचा व्यापारी आला. त्याच्याकडं रॉयल एनफिल्डची मीटिअर 350 होती. थंडरबर्ड बंद होऊन 2020 च्या नोव्हेंबरात जी आली ती. बसायला आरामशीर, पाय पुढं, लांबच्या रस्त्याला झकास. पण त्याच्या आजोबांची बुलेट होती, आणि त्या बुलेटचं खोल, गोल, भरदार मडगार्ड त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मीटिअरचं त्याला तोकडं वाटायचं. पुण्याला नाना पेठेत फिरून त्यानं नव्या क्लासिक 350 ची पुढची आणि मागची अशी दोन्ही मडगार्डं पैदा केली होती. गाठोडं सोडून म्हणाला, "शनिवारी गणपतीपुळ्याला निघायचंय. नवीन लग्न झालंय. तेवढ्यात करून द्या."

आबा नेमके गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते. दोन दिवस येणार नव्हते.

"बसतंय की!" धाकटा म्हणाला. "कंपनी एक, इंजिन एक, 349 सीसीचं. ह्याचं त्याला न्हाई बसायचं तर कुनाला बसायचं?"

इंजिन एकच होतं, हे खरं. मडगार्ड मात्र इंजिनावर बसत नाही.

पुढचं आधी घेतलं. मीटिअर आणि क्लासिक, दोन्हींचं पुढचं टायर 100/90-19. चाक एकोणीस इंचीच, फोर्कच्या नळ्याही 41 मिलिमीटरच्याच. थोडी पट्टी, थोडं घासकाम करून पुढचं मडगार्ड छान बसलं. धाकट्यानं एक चक्कर मारली, राजारामपुरीतल्या सगळ्या खड्ड्यांतून गाडी घातली, कुठं आवाज नाही. त्याची छाती फुगली. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावर आहे. पुढचं मडगार्ड फोर्कच्या खालच्या नळीला धरलेलं असतं. चाक वर आलं की तेही चाकाबरोबरच वर येतं. त्यामुळं टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट उभ्या गाडीत जेवढी, तेवढीच खड्ड्यात. मागचं तसं नसतं. ते सांगाड्याला पक्कं असतं आणि चाक स्विंगआर्मवर खाली-वर नाचतं. वजन पडलं की चाक मडगार्डाच्या दिशेनं येतं. म्हणजे पुढचं ज्या परीक्षेत पास झालं, त्या परीक्षेला मागचं बसलेलंच नव्हतं.

मागचं लावून बघितलं तर फट मोठी दिसायला लागली. क्लासिकचं मागचं चाक अठरा इंची, मीटिअरचं सतरा. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात घातल्यासारखं ते दिसत होतं. गिऱ्हाइकाचं तोंड उतरलं. "असं कसं हो? आजोबांच्या गाडीचं कसं टायरला बिलगून असायचं."

"खाली घिऊया की," धाकटा म्हणाला, आणि त्यानं ब्रॅकेटची भोकं कानशीनं लांबवून मडगार्ड दोन बोटं खाली ओढलं. आता ते खरंच देखणं दिसायला लागलं. टायरच्या गोलाईला गोलाई मिळाली. गिऱ्हाइकानं मोबाइलवर पाच-सहा फोटो काढले.

थोरला तोपर्यंत मागं उभा राहून टायरवरचा आकडा वाचत होता. 140/70-17. त्यानं खिशातला खडू काढला, फरशीवर काहीतरी मांडलं, पुसलं. मग हळूच म्हणाला, "शॉकअप काढून बघाय पायजे."

"दादा, शनिवारी निघायचंय त्यांना. शॉकअप काढा, घाला, आर्धा दिवस गेला. आनि फट दिसत्या की, बोट जातंय बघ आत." धाकट्यानं बोट घालून दाखवलं. जात होतं.

थोरला गप्प बसला. एका बाबतीत तेवढा तो अडून राहिला. गिऱ्हाइकाला चाकाच्या बाजूची साडी गार्डची जाळी "स्वच्छ दिसावं" म्हणून काढून टाकायची होती. थोरला म्हणाला, ती निघणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम मागं बसणाऱ्याच्या कपड्यांसाठीच आहे; मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं काहीतरी असलंच पाहिजे. नियमाचा आकडा तोंडपाठ असलेला फिटर बघून गिऱ्हाईक दचकलं आणि जाळी राहिली. मडगार्डाबद्दल मात्र थोरल्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. त्याला ठाऊक होतं की बोललो तर भांडण होईल, गिऱ्हाईक धाकट्याची बाजू घेईल, आणि आबा परत आल्यावर गोकुळ शिरगावच्या शेडचा विषय वेगळ्याच वळणावर जाईल. त्यानं खडू खिशात घातला.

शनिवारी दुपारी नवरा-बायको निघाले. दोन माणसं, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा, वर पाऊस. मलकापूरपर्यंत ठीक. पुढं खड्डा आला की मागून खर्रर्र असा आवाज यायला लागला. त्याला वाटलं बॅग घासतेय. बायको म्हणाली, रबर जळल्याचा वास येतोय. त्याला वाटलं समोरच्या ट्रकचा. आंब्याला पोचेपर्यंत अंधार पडला आणि घाटात धुकं असं उतरलं की दहा हातांवरचं दिसेना. त्याच्या गाडीचा पुढचा दिवा लख्ख होता, म्हणून तो निश्चिंत होता. आपला मागचा दिवा गेलाय हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते मागच्याला दिसतं, किंवा दिसत नाही, आणि न दिसणं हेच तर संकट. एका वळणावर मागून ब्रेकचा असा कर्कश आवाज आला की दोघंही हबकले. ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तोच घाबरला होता. "ओ दादा, मागं लाईटच न्हाई तुमची! वहिनींचा पांढरा रेनकोट दिसला म्हून वाचला."

रात्र त्यांनी आंब्यात काढली. सकाळी बायकोला एसटीत बसवलं आणि तो एकटा, बॅगा एसटीतच देऊन, गाडी घेऊन परत आला. येताना एकदाही आवाज आला नाही.

सोमवारी सकाळी शेडमध्ये सगळे हजर. आबाही आले होते. धाकट्यानं सगळं ऐकलं आणि आधी तेच पकडलं, "येताना कायबी झालं न्हाई न्हवं? मग मडगार्ड कसं घासंल? वायरिंगचाच काय तरी लोच्या आसंल."

त्यावर गिऱ्हाइकाची बायको बोलली. आतापर्यंत ती बाकावर गप्प बसली होती. "मी मागं बसणार आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग एकदा तरी मला बसवून बघितलं होतं का?"

कुणी काही बोललं नाही. आबांनी तिला चहा द्यायला सांगितला आणि धाकट्याला म्हणाले, "सीट काड. शॉकअप काड."

दोन्ही शॉकअप निघाले. आबांनी शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टातलं अंतर मोजलं. मग दांडा बंपच्या रबरापर्यंत किती आत जाऊ शकतो ते मोजून वजा केलं. उरलेल्या लांबीच्या दोन लोखंडी पट्ट्या कापल्या, टोकांना भोकं पाडली आणि शॉकअपच्या जागी त्या पट्ट्याच बोल्टांनी आवळायला सांगितल्या. हे उद्यमनगरातलं जुनं काम. पट्टी लावली की उभी गाडी अशी बसते, जशी ती दोन माणसं, सामान आणि मोठा खड्डा एकाच वेळी आल्यावर बसेल. रिकाम्या गाडीत जे लपलेलं असतं ते सगळं वर येतं.

पण पट्टी पूर्ण लागलीच नाही. खालचं भोक बोल्टासमोर यायच्या आधीच टायर मडगार्डाला टेकलं. धाकट्यानं जोर लावला, पाय लावला, तरी येईना. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता मडगार्ड काडून उलटं कर."

आतल्या बाजूला मधोमध रंग जाऊन हाताएवढी लांब लकेर उजळली होती, घासून घासून चांदीसारखी. तिच्या कडेनं मागच्या दिव्याची वायर क्लिपांमधून गेली होती. एका क्लिपपाशी वायरचं रबर झिजून तांबं उघडं पडलं होतं आणि ते उघडं तांबं मडगार्डाच्या पत्र्याला टेकलं होतं. तिथंच शॉर्ट, तिथंच फ्यूज गेला. दोन्ही कडांनासुद्धा आतून रबराचा काळा माखलेला पट्टा होता. ते बघून धाकटा चक्रावला. "वर घासलं ते समजलं आबा, मी खाली ओढलं. पन बाजूला कसं घासलं? हे तर मोट्या चाकाचं मडगार्ड. जागा जास्तच मिळाय पायजे की."

"खडू कुटं हाय?" आबांनी विचारलं. थोरल्यानं खिशातून काढून दिला.

आबांनी फरशीवर लिहिलं. क्लासिकचं मागचं टायर 120/80-18. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, रुंदीच्या शेकडा किती उंच ते. शेवटचा रिमचे इंच. अठरा इंच म्हणजे 457 मिलिमीटर, 120 चे ऐंशी टक्के 96, वर आणि खाली मिळून 192, एकूण 649. आता मीटिअरचं 140/70-17. सतरा इंच म्हणजे 432, 140 चे सत्तर टक्के 98, दोन्हीकडचे 196, एकूण 628. "चाक एकवीस मिलिमीटरनं बारकं. म्हंजे वर तुला फुकट मिळाले जेमतेम दहा. ते तू खाली ओढून घालिवलास, वर आनि आपल्या पदरचे दिलास. आता रुंदी बघ."

120 आणि 140.

"वीस मिलिमीटर जाड," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "हरेक बाजूला दहा."

"जागा उंचीत मिळाली, रुंदीत गेली. इंच बघितलास, पैला आकडा कोन बघायचा?"

धाकट्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं आता मुस्काडीत बसणार. पण आबा त्याच्याकडं न बघता थोरल्याकडं वळले. "हा हिशोब तू शुक्रवारीच मांडला हुतास न्हवं?"

फरशीवर जुन्या खडूच्या पुसट रेघा अजून दिसत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

"व्हय."

"मग?"

"म्हनलो हुतो, शॉकअप काडून बघूया."

"किती डाव म्हनलास?"

थोरला गप्प.

"एक डाव. साडीच्या जाळीसाटी आडून बसलास, तितं नियमाचा आकडा सांगितलास. हितं तुझ्याकडं सोताचा हिशोब हुता, तवा तोंडाला कुलूप. का? भाऊ नाराज हुईल म्हून? का भाऊ चुकला तर बरंच हाय म्हून?"

दुसरा प्रश्न सगळ्यांनाच लागला. धाकट्यानं चमकून दादाकडं बघितलं. थोरल्याच्या मनात ते खरोखर होतं का? माझ्या मते थोडं असणार. माणसाच्या गप्प बसण्यात भिडस्तपणा किती आणि हिशोब किती, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी थोरल्याला ते सांगता आलं नाही, एवढं खरं.

आबा म्हणाले, "त्याला ठावं न्हवतं. त्यो शिकंल, आजच शिकला. तुला ठावं हुतं. तुला मी काय शिकवू?"

गिऱ्हाईक बिचारं मध्येच म्हणालं, "जाऊ द्या हो आबा, घाई माझीच होती. खाली ओढा असं मीच सुचवल्यासारखं झालं."

"तुमी काय, तुमाला देखनं पायजे. देखनं मागायचा तुमाला हक हाय," आबा म्हणाले. "नको म्हनायचं काम आमचं. त्याचेच तर पैशे घेतो."

मग काम सुरू झालं. मीटिअरचं मूळ मागचं मडगार्ड परत चढलं. पुढचं क्लासिकचं मात्र आबांनी काढलं नाही. फोर्क पूर्ण दाबला, हॅंडल दोन्ही बाजूंना कडेपर्यंत फिरवलं, मडगार्डाची वरची कड कुठं टेकते का बघितलं. टेकत नव्हती. "हे ऱ्हाऊ दे. हे बसलंय." मागच्या मूळ मडगार्डाला आजोबांच्या बुलेटसारखी बारीक सोनेरी रेघ मारून द्यायची कल्पना धाकट्याची. ती रेघ हातानं ओढली थोरल्यानं, कारण तेवढा स्थिर हात शेडमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. नंतर दोघं गाडीवर बसून सायबर चौकापर्यंत जाऊन आले. वर्षभरात पहिल्यांदाच दोघं एका गाडीवर दिसले, असं शेजारचा लेथवाला म्हणाला.

मजुरी गिऱ्हाइकाला परत दिली गेली. नव्या वायरिंगचा खर्च आणि आंब्यातल्या मुक्कामाचे पैसे दोघांच्या पगारातून कापले. धाकट्याचा एक वाटा, थोरल्याचे दोन. थोरला त्यावर काही बोलला नाही. धाकट्यानंच विचारलं, "आबा, बसवलं मी आनि दादाचे दोन?" आबांनी वर न बघता सांगितलं, "दोनच."

गोकुळ शिरगावचं शेड दिवाळीला सुरू झालं. तिथं आबांनी दोघांनाही पाठवलं आणि स्वतः उद्यमनगरात राहिले. धाकटा गिऱ्हाइकाशी बोलतो, थोरला मोजतो. मागच्या चाकाचं कुठलंही काम असलं तर पावतीवर आता एक वेगळी ओळ असते, "पट्टी लावून तपासणी", आणि तिच्यापुढं दोघांच्याही सह्या लागतात. एक जरी सही नसली तरी गाडी शेडच्या बाहेर जात नाही. या तपासणीचे जादा पैसे कशाला, म्हणून गिऱ्हाइकं घासाघीस करतात. त्यांना धाकटा गोड बोलून शेजारच्या गॅरेजचा पत्ता देतो.